माउंटन बाइक चालवताना मनगट दुखते? आधी हँडलबार तपासा

खडबडीत वाटेवर तासभर सायकल चालवली की अनेकांचे मनगट दुखू लागते किंवा बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी लगेच जाड हातमोजे किंवा नवे ग्रिप घेतले जातात. पण बऱ्याचदा दोष सायकलच्या मांडणीत असतो आणि तो ॲलन कीने घरीच दूर करता येतो.

दुखण्याचे कारण

हँडल धरल्यावर कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत हात जवळजवळ सरळ रेषेत हवा. मनगट वाकलेले असताना शरीराचा भार आणि हादरे आले की नसा दबतात. करंगळी व अनामिका बधिर होत असेल तर ‘अल्नर’ नस, तर अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल तर ‘मीडियन’ नस दबत असण्याची शक्यता असते.

काय बदलावे?

१. सीट : सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि भार हातांवर येतो. सीट आधी समपातळीत आणा.

२. ब्रेक लिव्हर : लिव्हर फार आडवी असेल तर मनगट मागे वाकते, फार खाली असेल तर पुढे. पेडलवर उभे राहून बोटे सहज जातील तिथे ती बसवा. लिव्हर लांब वाटत असेल तर तिच्यावरील छोट्या स्क्रूने ती जवळ आणता येते.

३. हँडलची उंची : हँडल फार खाली असेल तर स्टेमखाली स्पेसर घालता येतात. हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

४. रुंदी : आजचे हँडल साधारण ७४० ते ८०० मिमी रुंद असतात. अरुंद खांद्यांच्या व्यक्तीचे मनगट त्यावर बाजूला वाकते. मात्र कापलेले हँडल पुन्हा जोडता येत नाही. म्हणून आधी ग्रिप व लिव्हर आत सरकवून काही दिवस चालवून पाहा.

लक्षात ठेवा

एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा. स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या मापाएवढेच, बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर, आवळा.

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल किंवा हाताची पकड कमजोर होत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. दबलेल्या नसेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास हाताची ताकद कायमची कमी होऊ शकते.