चूल, वैल आणि बंब : जुन्नर-आंबेगावच्या घरातील उष्णतेची व्यवस्था

घराला ऊब देणे, आतील हवा खेळती ठेवणे आणि स्नानाचे पाणी तापविणे ही आज तीन निरनिराळ्या साधनांची कामे समजली जातात. थंड हवेच्या देशांत ती पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयत्न होत आहेत. घराबाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता काढून घ्यावयाची आणि ती आत येणाऱ्या ताज्या हवेस किंवा पाण्यास द्यावयाची, हे त्यामागील तत्त्व होय. १९९१ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथे उभी राहिलेली घरे उष्णता राखणाऱ्या अशा वायुवीजनाचा प्रसिद्ध नमुना मानली जातात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील जुन्या घरात ही तिन्ही कामे एकाच विस्तवावर चालत. या व्यवस्थेची नोंद कागदपत्रांत क्वचितच सापडते. ती मुख्यतः शब्दांत उरली आहे.

या प्रदेशाचे पश्चिम अंग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेले असून तेथे पावसाळा दीर्घ व घनघोर असतो. पूर्व अंग पर्जन्यछायेत येते. पश्चिमेकडील महादेव कोळ्यांच्या वस्तीत कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन भिंती उभारीत. छपराखालच्या फटींतून धूर हळूहळू बाहेर पडे. दख्खनच्या कोरड्या पठारावरील माळवदी घरांत याच कामासाठी छपराला भोक ठेवीत. त्यास सवणे म्हणतात. उजेड आत घेणे आणि धूर बाहेर सोडणे ही दोन्ही कामे त्या एका सवण्याने साधत.

प्राचीनतेचा विचार करता जुन्नरची लेणी डोळ्यांसमोर येतात. लेणे हा शब्द संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ यांवरून आला. येथील शिलालेखांत निवासाबरोबर पाण्याच्या टाक्यांचे, म्हणजे ‘पोढीं’चे, दान वारंवार येते. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या ४६ व्या वर्षाच्या लेखात पोढी व मंडप यांचा उल्लेख आहे. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यातील कललेले ऊन त्यांच्या ओसरीत शिरते. ही दिशा डोंगराच्या कड्याने ठरविली की खोदणाऱ्यांनी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी निवास आणि पाणी यांची सांगड दात्यांच्या मनात पक्की होती, एवढे या लेखांवरून निश्चित म्हणता येते.

आता घरातील शब्दांकडे वळू. ‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला. तिच्या अंगाला जोडलेल्या दुसऱ्या तोंडास ‘वैल’ म्हणतात. वैलाखाली वेगळे सरपण घालावयाचे नसते. मुख्य चुलीत जळलेल्या लाकडाची आच आतल्या वाटेने तेथे पोचते. भाकरी चुलीवर भाजली जात असताना वैलावर आमटी शिजत राही किंवा पाणी कोमट होई. वाया जाणाऱ्या उष्णतेचा विनियोग करण्याची कल्पना एका स्वतंत्र नामाने भाषेत स्थिर झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चुलीवरच्या माळ्यावर वा शिंक्यात ठेवलेले बियाणे धुरामुळे किडीपासून वाचे. पावसाळ्यात ओले कपडे चुलीजवळच वाळत आणि वासे-आढी यांनाही तो धूर राखी.

स्नानाचे पाणी पुढे वेगळे झाले. ‘न्हाणी’ हा शब्द ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’ या परंपरेतला आहे. परंतु ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दावरून आला असे मानतात. तांब्याच्या बंबाच्या मध्यभागी नळी असते. तीत ढलप्या व गोवऱ्या पेटवितात आणि भोवतीचे पाणी तापते. रचना काटकसरीची खरी. पण ती न्हाणीत वा अंगणात गेली आणि स्वयंपाकाच्या आगीपासून पाण्याची फारकत झाली.

तथापि या व्यवस्थेचा गौरव करताना तिची किंमत विसरता कामा नये. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा भागच भांड्यापर्यंत पोचतो. जो धूर बियाणे राखी तोच फुंकणी हाती धरणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाई. घराची काटकसर तिच्या श्वासावर चालत होती. म्हणूनच वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ घडली आणि १९५३ साली हैदराबादचे एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघराची योजना प्रसिद्ध केली. पुढे १९८३ ते २००२ या काळात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम राबविला गेला, १९९६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर काम केले आणि २०१६ साली उज्ज्वला योजनेद्वारे गॅस खेड्यांत पोचू लागला.

या सुधारणांनी मुख्यतः स्वयंपाकाचा प्रश्न हाती घेतला. ऊब, वाळवण, बियाण्याची राखण आणि न्हाणीचे पाणी ही कामे मागे राहिली. गॅस आलेल्या घरांतही पाणी तापविण्यासाठी चूल पेटत राहते याचे कारण केवळ दारिद्र्यात वा सवयीत शोधणे पुरेसे नाही. जी वस्तू पाच कामे करीत होती तिच्या जागी एक काम करणारी वस्तू दिली, तर उरलेली चार कामे जुन्या वस्तूलाच धरून राहणार.

हा केवळ शब्दकोशाचा विषय नव्हे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले ते डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेलेले माळीण पुढे आमडे येथे पक्क्या घरांच्या रूपाने पुन्हा वसविण्यात आले. असे नवे घर आखताना चुलीचा धूर वगळणे अवश्य आहे. परंतु चुलीची कामे कोणती होती हे आधी मोजले पाहिजे. ‘वैल’ आणि ‘सवणे’ हे शब्द त्या मोजणीचे साधन होत. ते लोपण्यापूर्वी टिपून घेतले, तर घर बांधणाऱ्यास काय टाकावे आणि काय राखावे याचा विवेक करता येईल.