खान्देशाला समुद्र नाही, असं कोण म्हणतं?

मागच्या हिवाळ्यात सुरतला गेलो होतो. आपल्याकडच्या कित्येक घरांसारखं आमचंही निम्मं गणगोत उधना-लिंबायतकडे आहे. भाचा तिथंच कापडाच्या धंद्यात. रविवारी म्हणाला, "मामा, डुमसला सगळेच जातात. चला, तुम्हाला सुवालीला नेतो."

हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे टाकल्या की रस्ता अरुंद होतो, सुरूची झाडं लागतात आणि एकदम समोर वाळू. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलेलं की समुद्र आहे की नाही अशी शंका यावी. भाच्याची पोरगी चपला हातात घेऊन पळत सुटली आणि परत येऊन म्हणाली, "आजोबा, इथली वाळू काळी कशी?"

मी मूठभर वाळू उचलली. ओली, करडी-काळी, जड. आपल्या गिरणेच्या पात्रातल्या वाळूची आठवण झाली. पोरीला म्हटलं, "बाळा, ही आपल्या गावाकडून आलीये."

ती हसली. पण मंडळी, मी गंमत करत नव्हतो.

तापी मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा येते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, प्रकाशाला गोमाई. या सगळ्या नद्या सातपुड्याचा आणि सह्याद्रीचा काळा खडक झिजवत येतात. त्या खडकातले लोहयुक्त काळे कण जड असतात, ते किनाऱ्यावर मागे राहतात. सुवाली-डुमसच्या वाळूत नर्मदेचा आणि खंबातच्या आखाताचाही वाटा असेल, पण आपला आहेच आहे.

आता इतिहासाकडे येऊ. सुरत हे मोगलांचं मोठं बंदर, हे शाळेत शिकलो. पण सुरत शहर समुद्रावर नाही, नदीच्या मुखापासून सुमारे वीस किलोमीटर आत आहे. तापी एवढा गाळ आणायची की मुखाशी वाळूचा बांधच पडायचा आणि मोठी जहाजं आत येऊ शकायची नाहीत. मग ती थांबायची कुठं? तर मुखाच्या उत्तरेला, सुवालीला. तिथं किनाऱ्यासमोर वाळूचा एक लांब दांडा होता आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये खोल पाणी. लाटांपासून आडोसा आपोआप मिळायचा. माल छोट्या होड्यांतून या पुळणीवर उतरायचा आणि बैलगाड्यांनी सुरतेला जायचा. आज जिथं मक्याची कणसं भाजतात, तिथं तेव्हा गाठोड्यांचे ढीग लागायचे.

१६१२ च्या नोव्हेंबरात याच पाण्यात इंग्रज कॅप्टन थॉमस बेस्टनं पोर्तुगीजांच्या जहाजांना मागे रेटलं आणि कंपनीचा हिंदुस्थानात पाय रोवला गेला. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो याच वाळूवर उतरला. त्याला जहांगीर बादशहाकडे अजमेरला जायचं होतं. तो कुठल्या वाटेनं गेला? आपल्या! सुरतेहून आधी बुऱ्हाणपूरला, शहजादा परवेझला भेटायला.

ही वाट कशी जायची, ते विल्यम फिंच नावाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. तो १६१० मध्ये गेला होता. त्याची गावं वाचा: नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. स्पेलिंगं अशी की हसू येतं, पण गावं ओळखू येतात. आज आपण एसटीनं जातो तीच ही गावं. पुढं फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याच बाजूनं गेला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं त्यानं लिहिलंय. बुऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं, असंही लिहिलंय. धरणगावच्या कापडाला एवढी मागणी होती की १६७४ साली इंग्रजांनी तिथं वखारच उघडली. पुढच्या काही वर्षांत मराठी फौजांनी ती लुटली. शत्रूचा पैसा कुठून येतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्या फौजा खान्देशात शिरल्या, हा योगायोग नव्हता. बंदर आणि त्या बंदराला माल पुरवणारा मुलूख यांचं नातं त्यांनी ओळखलं होतं.

म्हणजे दीडशे-दोनशे वर्षं खान्देशाला बंदर होतं. ते आपल्या नकाशात नव्हतं, एवढंच.

पण या वाटेवरून फक्त वैभवच गेलं, असं समजू नका. १६३० मध्ये पाऊस गेला. त्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेतं पडलेली. नंदुरबारला छोटा तंबू ठोकायलासुद्धा मोकळी जागा मिळेना, असं त्यानं लिहिलंय. समुद्राकडे कापडाच्या गाड्या जायच्या, त्याच रस्त्यावर कापूस पिकवणारा आणि सूत कातणारा माणूस अन्नावाचून मरत होता. व्यापार मोठा असला म्हणजे माणूस सुखी असतो असं नाही, हे आपल्या रस्त्यानं तेव्हाच दाखवून दिलंय.

मग मुंबई वाढली, सुरतेचं बंदर गाळानं आणखी उथळ झालं, सुवाली मागे पडलं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला आली आणि आपला कापूस मुंबईकडे वळला. १९०० च्या आसपास ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत पुन्हा जोडली. आज त्याच लाइनच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा माल जायचा, आता माणसं जातात.

आणि वाळू? ती आता खाली जातच नाही. १९७२ ला उकाई झालं, १९८२ ला हतनूर. नदीचा गाळ धरणात अडतो. हतनूरमध्ये किती गाळ साचलाय, यावर आपण दरवर्षी ओरडतो. धरणं लागतातच, त्यांच्याशी भांडण नाही. पण धरणाखाली जी थोडी वाळू उरली, ती रात्री डंपर-ट्रॅक्टरमधून जातेय. गिरणाकाठच्या कुठल्याही गावात विचारा. वाळू म्हणजे नुसतं बांधकामाचं सामान नाही. पावसाळ्याचं पाणी ती धरून ठेवते आणि हळूहळू विहिरींना देते. वाळू गेली की पात्रात खडक उघडा पडतो आणि काठावरच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात.

चारशे वर्षांपूर्वी नदीनं खाली जास्त वाळू नेली, म्हणून सुरतेचं बंदर सुवालीला गेलं. आज ती नेऊ शकत नाही, याची किंमत काठावरची गावं मोजताहेत. वर काय घडतं त्याचा हिशेब खाली लागतो, आणि खाली कुठं टॉवर उभे राहतात त्याचा हिशेब वरच्या विहिरीत लागतो. नदी एकच आहे. तुकडे आपण पाडलेत, आधी राज्यांचे, मग वाळूघाटांचे.

परतताना पोरीनं थोडी वाळू प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली. म्हणाली, गावाला आले की नदीत टाकीन. मी काही बोललो नाही. तिला काय सांगू, की बाई, तुझ्या पिशवीतली वाळू आता आमच्या पात्रातल्या वाळूपेक्षा जास्त असेल?

तुमच्या गावच्या ग्रामसभेत वाळूघाटाच्या लिलावाचा विषय पुढच्या वेळी येईल, तेव्हा जरूर जा. मागे बसून का होईना, पण हात वर करून एक प्रश्न विचारा: मागच्या लिलावात ठरली होती तेवढीच वाळू उचलली का, आणि मोजली कोणी? उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. आणि थाळनेर, यावल, अडावद, धरणगाव या बाजूचे कोणी असाल, तर गावातल्या जुन्या वाड्यांचे, पेठांचे, दर्ग्यांचे फोटो टाका. आपल्या बंदराची वाट तिथूनच जायची.