हौशी विमानबांधणी

विक्रीसाठी वा व्यवसाय म्हणून नव्हे, तर स्वतःच्या शिक्षणासाठी व विरंगुळ्यासाठी एखाद्या व्यक्तीने किंवा लहान गटाने हलके विमान स्वहस्ते बांधणे, त्यावर एंजिन व उपकरणे बसविणे आणि ते उडविणे, यास हौशी विमानबांधणी असे म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या प्रत्येक नमुन्यास शासनाचे उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते. हौशी विमानाचा नमुना बहुधा असा प्रमाणित नसतो. त्यामुळे या छंदाच्या इतिहासात विमान कोणी बांधावयाचे यापेक्षा, ते सुरक्षित असल्याची खात्री कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरला. त्याचे उत्तर शोधण्याची वेळ आली ती आंरी मीन्ये या फ्रेंच गृहस्थाच्या ‘पू-द्यू-सिएल’ या चिमुकल्या विमानामुळे, आणि त्यासाठी काही तरुणांना प्राणांचे मोल द्यावे लागले.

विमानविद्येच्या आरंभी सर्वच विमानकार हौशी होते. राइट बंधूंचा चरितार्थ सायकलींच्या दुकानावर चाले. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा धनिक आल्बेर्तो सांतूस-द्यूमाँ याने १९०७ ते १९०९ या काळात बांबू, रेशमी कापड व तारा यांपासून ‘दमॉयझेल’ हे एका माणसापुरते विमान सिद्ध केले. त्याचे एकस्व (पेटंट) न घेता त्याने ते सर्वांना खुले केले व १९१० मध्ये एका अमेरिकन मासिकाने त्याचे आराखडे छापले. घरी विमान बांधू इच्छिणाऱ्यांच्या हाती आलेले हे पहिले महत्त्वाचे आराखडे होत.

पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त विमानाचा शोध सुरू झाला. इंग्लंडमधील लिम येथे १९२३ साली झालेल्या स्पर्धेत एंजिनाची धारणशक्ती ७५० घ. सेंमी. पर्यंत मर्यादित ठेवली होती. तेथील यंत्रे इंधनात काटकसरी असली, तरी रोजच्या वापरास दुबळी ठरली. खरे यश मिळाले ते १९२५ मध्ये प्रथम उडालेल्या द हॅविलंड ‘मॉथ’ या ६० अश्वशक्तीच्या, पंख मिटता येणाऱ्या द्विपंखी विमानास. उड्डाण-मंडळांची चळवळ याच विमानावर उभी राहिली. मुंबईत जुहू येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे फ्लाइंग क्लबमध्येही हीच विमाने होती. भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, तो याच वातावरणात. परंतु ‘मॉथ’ विकत घेणे कारकुनाच्या किंवा कारागिराच्या आवाक्याबाहेरचे होते. मीन्येचे लक्ष होते ते या वर्गाकडे.

मीन्ये (१८९३–१९६५) हा बिनतारी संदेशवहनाचा जाणकार होता. विमानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. १९१२ पासून तो विमाने बांधीत होता. १९२८ मधील त्याच्या ‘एचएम ८’ या एकपंखी विमानाच्या अनेक हौशी लोकांनी प्रतिकृती केल्या. तथापि नेहमीच्या विमानाची नियंत्रणे आपणास कधीच नीट साधली नाहीत, असे तो मोकळेपणाने सांगत असे. त्या काळी बरेच प्राणघातक अपघात एकाच प्रकारे होत : वेग कमी होऊन पंखांची उत्थापक प्रेरणा नाहीशी होई, विमान एका पंखावर कलंडे व गिरक्या घेत जमिनीवर आदळे. हात व पाय यांच्या हालचालींचा मेळ न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण असे. तेव्हा मेळ घालण्याची गरजच उरू नये, असे विमान करावे हा मीन्येचा विचार होता व तो मुळात शहाणपणाचा होता.

स्वासाँ गावाजवळील रानात तंबूत राहून त्याने आपले चौदावे विमान (एचएम १४) सिद्ध केले आणि १० सप्टेंबर १९३३ रोजी ते उडविले. लांबी सुमारे ३·५ मी., पुढील पंखाचा विस्तार सुमारे ६ मी. व भारासह वजन सुमारे २०० किग्रॅ. असे हे यंत्र होते. त्यास मोटारसायकलीच्या जातीचे १७ अश्वशक्तीचे ‘ओबिए-दन’ एंजिन बसविलेले होते. प्लायवुडच्या खोक्यासारखा सांगाडा, वैमानिकाच्या डोक्यावर एक पंख, पाठीमागे लगेच दुसरा, आणि शेपटीस भले मोठे सुकाणू एवढाच त्याचा पसारा. एलेरॉन (पंखाच्या मागील कडेवरील हलत्या फळ्या) नव्हते. पायाने दाबावयाचे पट्टेही नव्हते. एकच दांडा डावी-उजवीकडे हलविला की सुकाणू वळे आणि पुढे-मागे हलविला की पुढील संपूर्ण पंख आपल्या बिजागरीवर कलत असे. पंखांची टोके वर उचललेली असल्यामुळे सुकाणू वळताच विमान आपोआप योग्य बाजूस कलंडे. ‘पू’ म्हणजे ऊ. फोर्डची स्वस्त मोटारगाडी जिकडे-तिकडे दिसू लागल्यामुळे फ्रेंच लोक तिला रस्त्यावरची ऊ म्हणत. त्या धर्तीवर मीन्येने आपल्या विमानास ‘आकाशातील ऊ’ हे नाव दिले. इंग्रजांनी तिची पिसू केली.

१९३४ च्या अखेरीस मीन्येचा *ल स्पोर द लेर* (हवेतील क्रीडा) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात लाकडाच्या मापांपासून पहिल्या उड्डाणापर्यंतची सर्व कृती दिलेली असून, ज्याला साधे खोके ठोकता येते त्याला विमानही बांधता येईल असा विश्वास लेखकाने वाचकास दिला होता. फ्रान्समध्ये जणू साथच पसरली. ऑगस्ट १९३५ मध्ये मीन्येने स्वतः आपले विमान इंग्लिश खाडीपार नेले. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्याच वर्षी निघाले. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने अशा विमानांसाठी पूर्ण प्रमाणपत्राऐवजी सौम्य अटींची एक उड्डाण-अनुज्ञा सुरू केली, व ती शंभराहून अधिक ‘पिसवां’नी घेतली. कोणी त्यांस फोर्ड मोटारगाडीवरून तयार केलेले एंजिन बसविले, कोणी स्कॉट मोटारसायकलीवरून केलेले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एंजिन बदलले की वजन बदलते, वजन बदलले की गुरुत्वमध्य सरकतो. आणि पुस्तकाबरहुकूम बांधलेले विमान पुस्तकातील विमान राहत नाही.

१९३६ च्या वसंतात अपघातांची मालिका सुरू झाली. विमान उथळ सूर मारी, सूर तीव्र होत जाई व वैमानिकाने दांडा पूर्ण मागे ओढला तरी ते वर न येता उलटे होऊन जमिनीत घुसे. मृतांत अननुभवी होते तसे कसलेले वैमानिकही होते, त्यामुळे दोष चालविणाऱ्याच्या माथी मारणे शक्य नव्हते. अखेर इंग्लंडमधील फार्नबरो येथे व फ्रान्समधील शाले-मदाँ येथे पूर्ण आकाराचे विमान वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) ठेवून परीक्षा करण्यात आली.

निष्कर्ष असा निघाला. सूर मोडण्यासाठी दांडा मागे ओढला की पुढील पंखाचा आपात कोन (येणाऱ्या हवेशी होणारा कोन) वाढे व नाक वर उचलले जाणे अपेक्षित असे. पण हा पंख कलताच त्याची मागील कड खाली येऊन मागील पंखाच्या जवळ जाई. दोहोंमधील अरुंद फटीतून हवा वेगाने वाहू लागे, त्यामुळे मागील पंखाची उत्थापक प्रेरणा वाढे आणि ती शेपटी वर उचलून नाक अधिकच खाली दाबी. विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले, की दांड्याच्या कोणत्याही स्थितीत सुटका नव्हती. गुरुत्वमध्य मागे असल्यास ही मर्यादा लवकर येई. ज्या फटीच्या बळावर विमान कधी कोसळणार नाही असे मीन्येला वाटत होते, तीच घातक ठरली.

मीन्येस भोंदू ठरविणे अन्यायाचे होईल. त्याने ते यंत्र स्वतः उडविले होते, आणि त्याच्या हलक्या एंजिनाच्या प्रतीत हा दोष त्याला आढळला नव्हता. बांधणाऱ्यांचे सुतारकामही सर्वस्वी सदोष नव्हते. निष्ठेने बांधलेली विमानेही पडली. उणीव होती ती आराखडा व छपाई यांच्या मधल्या पायरीची. एका विमानाच्या अनुभवावरून शेकडो लोकांना कृती सांगितली गेली, पण तिची स्वतंत्र तपासणी कोणी केली नाही. अनुज्ञा देणाऱ्या शासनानेही ती केली नव्हती, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत काहीशी मागे पडली.

इंग्लंडमध्ये या विमानांवर बंदी आली. मीन्येने पंखांमधील अंतर व गुरुत्वमध्य यांत सुधारणा करून पुढील नमुने काढले. त्यांच्या परंपरेतील विमाने फ्रान्समध्ये पुढेही उडत राहिली व तेथील हौशी विमानकारांच्या संघटनेने मीन्येच्या ग्रंथाचेच नाव धारण केले. ब्रिटनमध्ये १९४६ साली अतिहलक्या विमानांची संघटना स्थापन झाली. १९५२ पासून ती पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन व २००८ पासून लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने ओळखली जाते. आराखड्याची छाननी करणे आणि बांधणी चालू असताना, कापड चढवून सांगाडा झाकला जाण्यापूर्वी, निरीक्षकाकडून तो तपासून घेणे ही तिची पद्धत आहे. ‘पिसू’च्या प्रकरणातून निघालेला हा सर्वांत टिकाऊ धडा म्हणता येईल.

अमेरिकेत वाट थोडी निराळी होती. मिनेसोटातील बर्नार्ड पीटेनपॉल याने १९२९ मध्ये फोर्ड ‘ए’ गाडीच्या एंजिनावर ‘एअर कँपर’ उडविले. त्याच्या प्रती अद्याप बांधल्या जातात. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी याने मिलवॉकी येथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापिली. तिचा मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरतो. अमेरिकन नियमानुसार विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी मंडळींनी बांधलेला असावा लागतो, ते ‘प्रायोगिक’ असल्याचे त्यावर लिहावे लागते व प्रारंभी साधारणतः २५ ते ४० तास ठरावीक क्षेत्रातच उडवावे लागते.

बांधणीची सामग्रीही पालटली. लाकूड व डोप चढविलेले कापड, पोलादी नळ्या आणि रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्या जोडीस १९७५ मध्ये बर्ट रूटान याने ‘व्हॅरीईझ’ विमानात फोमचे ठोकळे व त्यांवर काचतंतूंचे थर ही साच्याविना पद्धत आणली. यातही एक लहान पंख पुढे होता. मात्र वेग घटल्यावर त्याची उत्थापक प्रेरणा आधी कमी होऊन नाक आपोआप खाली यावे, अशी त्याची योजना होती. मीन्येचा हेतू अशा रीतीने वेगळ्या मार्गाने साध्य झाला. धोका मात्र आराखड्याबाहेरूनही येतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर रूटानच्याच ‘लाँग-ईझेड’ या विमानाच्या अपघातात मरण पावला. ते विमान त्याने विकत घेतलेले होते. मूळ बांधणाऱ्याने आराखडा सोडून इंधनाची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती व ती फिरविण्यासाठी मान आणि धड वळवावे लागे. बांधणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली सोय दुसऱ्या मालकास अडचण ठरते.

भारतात हा छंद फारसा रुजला नाही. उल्लेखनीय अपवाद अमोल यादव या वैमानिकाचा. मुंबईतील कांदिवली उपनगरात घराच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडण्यात आले. त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि चाचणीसाठी लागणारी उड्डाण-अनुज्ञा २०१९ मध्ये मिळाली.