हाजींची पुंजी

भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम 1864 च्या आरंभी मुंबईहून हजला निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता. अडचण होती ती तो पैसा वाटेत सांभाळायची. मक्केहून मदिनेला जाणाऱ्या रस्त्यावर बेदुइन टोळ्या काफिले लुटत. ती भीती इतकी खरी होती की बेगमेनं मदिनेचा बेतच सोडून दिला. पदरी शिपाई आणि नोकरचाकर असलेल्या संस्थानाच्या राणीची ही गत, तर जहाजाच्या उघड्या डेकवर पथारी टाकून जाणाऱ्या शेतकऱ्याची किंवा विणकराची काय असेल!

परदेशी पैसा कसा न्यायचा याचा इतिहास बहुतेक वेळा युरोपच्या सहलींवर निघालेल्या श्रीमंतांच्या अंगानं सांगितला जातो. पण मुंबईच्या बंदरातून शंभरावर वर्षं दरसाल हजारो साधी माणसं परदेशी जात होती. आयुष्यभराची शिल्लक कमरेच्या कशात बांधून जात होती. त्यांच्या पैशाची गोष्ट जास्त मोलाची आहे.

ही शिल्लक चांदीच्या रुपयांत असे. एक रुपया म्हणजे एक तोळा, साधारण 11.66 ग्रॅम. पाचशे रुपये घेऊन निघालेल्या माणसाच्या अंगावर पावणेसहा किलोंचं ओझं होई, आणि ते लपवणं कठीण. म्हणून डाळ-तांदूळ, तूप, पीठ घरूनच नेण्याची रीत होती. तेवढीच नगद कमी लागे. जेद्दा बंदराच्या बाजारात हिंदुस्थानी रुपया चाले, तुर्की मजिदी चाले, इंग्रजी गिन्नी चाले, आणि 1780 हे साल कोरलेलं ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचं मोठं नाणंही चाले. एका नाण्याचं दुसरं नाणं करताना सराफ बट्टा कापून घेत. भाव रोज हलायचा आणि यात्रेच्या गर्दीत तो यात्रेकरूच्या बाजूनं क्वचितच हलायचा.

पुंजी संपली की माणूस जेद्दात अडकून पडे. असे निराधार यात्रेकरू परत आणण्याचा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढे पुन्हापुन्हा उभा राहिला. 1886 मध्ये सरकारनं हजच्या वाहतुकीचं काम थॉमस कुक कंपनीला दिलं. ही कंपनी 1874 पासून युरोपी प्रवाशांना बँकांत वटणाऱ्या चिठ्ठ्या विकत होती. हाजींना मात्र तिच्याकडून तिकिटंच मिळाली. त्यांच्या कमरेची चांदी होती तशीच राहिली. काही वर्षांत कंपनीनं हे काम सोडलं. पुढे 1925 मध्ये कायदा झाला: परतीचं तिकीट आधीच काढा, नाहीतर त्याची रक्कम अनामत ठेवा. गरिबाच्या यात्रेवर ही बंधनं कशाला, असा प्रश्न तेव्हाही होता. पण परतीचे पैसे चोरांच्या आणि सराफांच्या हाती लागणार नाहीत याची एवढी खात्रीची सोय तोवर झाली नव्हती.

सौदी राज्य स्थापन झाल्यावर राजे अब्दुलअझीझ यांनी 1930 च्या दशकात चांदीचा नवा रियाल पाडला. तो वजनानं आणि कसानं हिंदुस्थानी रुपयाइतकाच ठेवला. हाजींच्या रुपयाचं त्या बाजारात केवढं वजन होतं याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

खरा बदल घडला तो 1953 मध्ये. आदल्या वर्षी सौदी अरेबियात मध्यवर्ती बँकेसारखी एक चलनसंस्था निघाली होती, पण तिच्या सनदेतच कागदी चलन काढायला मनाई होती. लोकांचा विश्वास धातूवर होता, कागदावर नव्हता. मग संस्थेनं हाजींसाठी दहा रियालची ‘पावती’ काढली. जेवढ्या पावत्या तेवढं नाणं तिजोरीत, आणि पावती दाखवली की रियाल हातात. त्यावरचा मजकूर अरबीबरोबर उर्दू-फारसीतही छापला होता, कारण ती वाचणारा माणूस लाहोरचा, लखनौचा किंवा इस्फहानचा असणार होता. हज संपली, हाजी घरी गेले, तरी व्यापाऱ्यांनी पावत्या वटवायला आणल्याच नाहीत. चांदीच्या गोण्यांपेक्षा कागद सोयीचा, हे बाजारानं स्वतःच ठरवलं. पुढे पाच आणि एक रियालच्याही पावत्या निघाल्या, आणि 1961 मध्ये रीतसर नोटा आल्या. एका देशाला कागदी पैशाची सवय लागली ती परक्या यात्रेकरूंच्या सोयीतून.

पुढे भारतानंही हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या, पण त्यामागे सोयीपेक्षा धास्ती मोठी होती. कुवेत, बहरीन, कतार, दुबई इथे तेव्हा भारताचाच रुपया चाले. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी असल्यानं मुंबईत सोनं आखातापेक्षा बरंच महाग होतं. तस्कर भारतीय नोटा आखातात नेत, तिथे सोनं घेत आणि दहा-दहा तोळ्यांच्या लगडी चोरून किनाऱ्यावर उतरवत. त्या नोटा आखाती बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत, आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. परकीय चलनाची गंगाजळी अशी झिरपत होती.

यावर तोडगा म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ देशाबाहेर चालणाऱ्या नोटा निघाल्या. आखातासाठी वेगळ्या रंगांच्या, हाजींसाठी वेगळ्या. हज नोटा दहा आणि शंभर रुपयांच्या होत्या. क्रमांकाआधी ‘एचए’ ही इंग्रजी अक्षरं असत. छापणारी बँक भारताची, चिन्ह अशोकस्तंभाचं, पण भारतात त्या नोटेवर पावशेर साखरही घेता येत नसे. त्याच वर्षी हज कमिटीचा कायदाही झाला. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरणाऱ्या माणसाला आता चांदीचं ओझं वागवायचं नव्हतं.

आखाती रुपया फार टिकला नाही. कुवेतनं 1961 मध्ये दिनार काढला, बहरीननं 1965 मध्ये. 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि कतार-दुबईनंही रुपयाची साथ सोडली. ओमान 1970 पर्यंत थांबला. मुंबईहून हजला जाणारी जहाजं 1995 मध्ये बंद झाली.

हज नोटा आता संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला जातात. पण नोटेइतकीच मोलाची आहेत तिच्याभोवतीची कागदपत्रं: जहाजाचं तिकीट, अनामतीची पावती, खर्चाचं टिपण. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून आजोबा-पणजोबा मुंबईमार्गे हजला गेले, तिथे जुन्या ट्रंकांत असे कागद असू शकतात. ते रद्दीत जाऊ देऊ नका, आणि विकण्याआधी निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा.