टीव्हीवरचा क्रीडा कार्यक्रम तयार कसा होतो? छत्रपती संभाजीनगरात राहून हे काम कसं शिकायचं?

2023च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. ते करणाऱ्यांत केदार जाधवही होता. स्पर्धा अर्ध्यावर असताना बंगळुरूच्या संघाने त्याला डेव्हिड विलीच्या जागी बोलावलं आणि तो माइक ठेवून खेळायला गेला. बहुतेक इच्छुकांचा प्रवास मात्र उलटा असतो. मोठं क्रिकेट खेळलेले नसतात, पण बोलायचं असतं.

पडद्यामागे काय चालतं?

निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो तेव्हा त्याच्या कानात नियंत्रण कक्षातून सूचना चालू असतात: पुढचा रिप्ले तयार आहे, वीस सेकंदांत ब्रेक, पाहुण्याला थांबव. एका कानाने हे ऐकत, तोंडाने वाक्य न तुटू देता बोलणं, हेच सगळ्यात अवघड. आवाज चांगला असणं त्यानंतर येतं. निर्माता आधीच कार्यक्रमाचा क्रम आणि प्रत्येक भागाची वेळ लिहून ठेवतो. सामना लांबला की ते सगळं कोलमडतं आणि तिथेच त्याची परीक्षा होते.

रेडिओ आणि टीव्हीत फरक काय?

बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं वर्णन करत, तेव्हा मैदान श्रोत्याला शब्दांतूनच दिसायचं. टीव्हीवर चेंडू सीमेपार गेलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. तेच पुन्हा सांगणं म्हणजे बडबड. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. ही आठवण चढाईपटू मधली रेषा ओलांडण्याआधी करून द्यावी लागते, नंतर उपयोग नाही.

शहरात काय आहे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्या विभाग आहे, एमजीएमचंही पत्रकारिता महाविद्यालय आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमातून लेखन, कॅमेरा, संपादन शिकता येतं. खेळाची जाण मात्र मैदानावरच येते. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत जाऊन प्रशिक्षकाशी बोललं, तर पुस्तकात नसलेलं बरंच कळतं.

सरावासाठी सामन्याचा आवाज बंद करून दहा मिनिटं समालोचन फोनवर रेकॉर्ड करावं आणि दुसऱ्या दिवशी ऐकावं. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, ते साहजिक आहे.

रील टाकण्यापूर्वी

वाहिनीवरच्या सामन्याची दृश्यं घेऊन त्यावर आपला आवाज चढवला, तरी दृश्यांचे हक्क वाहिनीकडेच राहतात. व्हिडिओ हटवला जातो, कधी खातंही बंद होतं. त्यापेक्षा आयोजकांची परवानगी घेऊन स्थानिक सामना स्वतः चित्रित करावा. खेळाडू लहान असतील तर पालकांनाही विचारावं. काम मागायला गेल्यावर दाखवायला हेच व्हिडिओ उपयोगी पडतात.

पुढे काय?

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टीव्ही दिग्दर्शन आणि संपादनाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. मोठं काम मुख्यतः मुंबईत, आणि तेही बऱ्याचदा स्पर्धेपुरत्या करारावर. त्यामुळे संपादन किंवा बातमीलेखन येत असेल, तर दोन स्पर्धांच्या मधले महिने निभावतात.