तहानेने राखलेले अरण्य

आपल्यापैकी जे मुंबईस पाहुणे म्हणून गेले असतील, त्यांनी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान पाहिले असेल. निदान त्याच्या टेकड्या आगगाडीतून तरी दिसल्या असतील. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे अरण्य. कोट्यवधी माणसांच्या शहराला लागून बिबट्या वावरेल एवढे रान उरले कसे? निसर्गावरील प्रेमामुळे, असे आपण सहज म्हणून जातो. या रानाच्या इतिहासात मात्र प्रेमापेक्षा तहान अधिक आढळते.

या टेकड्यांतील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे कान्हेरीचे बौद्ध भिक्षू. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे काळ्या पाषाणात शंभरांहून अधिक लेणी खोदली गेली. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी त्यांसाठी दाने दिली व ती शिलालेखांत नोंदविली. त्या लेखांत ‘लेण’ या शब्दाच्या जोडीला ‘पोढी’ हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. भिक्षूला नुसती राहण्याची खोली देऊन भागत नसे, दाराशी टाकेही हवे. चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, हे कोकणचे गणित त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. कातळाच्या उतारावर बारीक पन्हळी कोरून त्यांनी पावसाचे पाणी एकेका टाक्यात उतरविले. कान्हेरीस जाणारा मनुष्य बुद्धमूर्ती पाहून परततो. त्याने पावसाळ्यात जावे आणि आधी या पन्हळी पाहाव्यात, असे मी म्हणेन. अकराव्या शतकात आलेल्या पारशी यात्रेकरूंनी आपली नावे पहलवी लिपीत येथे कोरून ठेवली आहेत.

१५३४ साली साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले. टेकड्यांच्या पश्चिमेस मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. तेथे आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्रीने प्रार्थनामंदिर केले. वर उभ्या केलेल्या वास्तूचे भग्नावशेष अजून दिसतात. आम्हां ख्रिस्ती मंडळींनीही हा प्रसंग आहे तसाच सांगावा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. या सर्व सत्तांचे लक्ष साष्टीच्या भातशेतीवर, खाड्यांवर आणि किल्ल्यांवर. डोंगर त्यांच्या हिशेबात फारसा नव्हता.

तो हिशेबात आला १८५४ साली. पाऊस कमी झाला आणि पाच लाखांवर वस्तीच्या मुंबईतील विहिरी व तळी आटू लागली. गुरे शहराबाहेर हलवावी लागली. पाणी होड्यांतून आणि नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीतून आणले गेले. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याची विहारची योजना तेव्हा निकडीची ठरली. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात पोहोचले. उंचावरील तलाव असल्यामुळे पाणी आपल्याच भाराने खाली येई. मागोमाग १८७९ मध्ये तुळशीचा तलाव झाला. हे पाणी न गाळताच लोक पीत. म्हणून तलावांच्या पाणलोटात शेती नको, वस्ती नको, गोठे नकोत, असा दंडक आला. झाडांसाठी तो मुळीच नव्हता. पण त्याच्या आडोशाला झाडे वाचली.

पुढे १९५० साली मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. १९६९ मध्ये लगतची राखीव जंगले जोडून उद्यान वाढविण्यात आले. नावे तर कितीदा बदलली! कृष्णगिरी, मग बोरिवली, आणि आता संजय गांधी.

या राखणीची किंमत सर्वांनी सारखी भरली नाही. उद्यानाच्या हद्दीत वारली आदी आदिवासींचे पाडे पूर्वीपासून आहेत. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा हजारो झोपड्या गेल्या. काल आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला हा भेद कागदाला नीट कळत नाही. आदिवासींनाही आपले वास्तव्य सिद्ध करीत बसावे लागले. वाघोबाला देव मानून बिबट्याच्या शेजारी राहणारा मनुष्य अरण्याचा शत्रू ठरावा, हे मला न्यायाचे वाटत नाही.

आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी विहार आणि तुळशी मिळून शंभरांत तीन भागही देत नाहीत. बाकीचे तानसा, वैतरणा, भातसा येथून येते. म्हणजे ज्या कारणाने हे रान राखले गेले, ते कारण जवळजवळ संपले आहे. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या भुयारी मार्गाचे भूमिपूजन झाले. सुमारे बारा किलोमीटरांचा हा मार्ग याच डोंगराखालून जायचा आहे. रस्ता जमिनीखालून असल्याने वरच्या झाडांना धक्का नाही, असे त्याचे समर्थन केले जाते. पण डोंगराचा उपयोग केवळ वरच्या झाडांपुरता नसतो. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या याच टेकड्यांच्या पट्ट्यातून निघतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहर बुडविले. त्या दिवशी जेवढे पाणी रानाच्या मातीत मुरले, तेवढे खाली वस्तीत आले नाही.