वॉटर्लूची प्रतिकृति आणि इतिहासाचें सत्य

लढाईचें वर्णन वाचून ज्यांचें समाधान होत नाहीं, त्यांनीं ती लढाईच लहान प्रमाणावर डोळ्यांपुढें उभी करण्याचा प्रयत्न पुष्कळ काळापासून चालविलेला आहे. माती, लाकूड व कागदाचा लगदा यांची भूमि तयार करावयाची, तिजवर झाडें, घरें, ओढे मांडावयाचे, आणि शिशाचे किंवा अलीकडे प्लॅस्टिकचे बोटभर शिपाई रंगवून रांगेनें उभे करावयाचे, ह्या विद्येला वाहून घेतलेली हौशी मंडळी आज अनेक देशांत आहेत. त्यांच्यांत जे वाद होतात ते वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटतात. अमुक पलटणीच्या अंगरख्याची कॉलर पिवळी होती कीं हिरवी, ह्यावर तेथें महिनेच्या महिने खल चालतो. परंतु असले वाद पोरकट म्हणून हसण्यावारी नेण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांच्या मुळाशीं असलेला प्रश्न प्रत्येक इतिहासलेखकाचा आहे. जें आपण पाहिलें नाहीं, तें हुबेहूब दाखविण्याचा आपणांस अधिकार तरी कितपत आहे? ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयांत ठेवलेली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृति आम्हांस विशेष उपयोगी वाटते.

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजीं झाली, आणि तींत नेपोलियनचा कायमचा पाडाव झाला, हें सर्वश्रुत आहे. तींतील ब्रिटिश सेनापति ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासांतील आर्थर वेलस्लीच होय. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा पुरुष तो हाच. प्रतिकृतीचा कर्ता विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश पायदळांतील एक अधिकारी असून त्याचा जन्म १७९७ सालचा. वॉटर्लूच्या लढाईंत तो स्वतः नव्हता. भूमीची मोजणी करणें व नकाशे काढणें हा त्याचा खास विषय, आणि त्यावर त्यानें ग्रंथहि लिहिले होते. १८३० सालीं सरसेनापति लॉर्ड हिल यानें त्याजवर ही कामगिरी सोंपविली. तेव्हां सायबोर्ननें रणभूमीवरील ला-हे-सेंत नांवाच्या शेतवाड्यांत मुक्काम ठोकला आणि आठ महिने तेथील शेतें, बांध, रस्ते व चढउतार मोजून काढले. १८३३ मध्यें सरकारनें हात आखडता घेतला, तरी त्यानें पदरमोड करून व कर्ज काढून काम चालूच ठेविलें. अखेर १८३८ सालीं लंडनच्या पिकॅडिली भागांतील ईजिप्शियन हॉलमध्यें ती प्रतिकृति लोकांपुढें आली. एकेक शिलिंग देऊन सुमारें एक लाख लोकांनीं ती पाहिली असें सांगतात. खर्च सुमारें तीन हजार पौंड झाला होता. ती खोट मात्र बिचाऱ्याला कधींच भरून मिळाली नाहीं.

प्रतिकृतीचें प्रमाण एका मैलास नऊ फूट असें आहे. तिनें जवळजवळ चारशें चौरस फूट जागा व्यापिली आहे, आणि तिजवर सत्तर हजारांहून अधिक कथिल-शिशाचे शिपाई उभे आहेत. येथेंच चिकित्सक वाचक विचारील कीं, ह्या प्रमाणानें शिपायाची उंची किती यावी? हिशेब केल्यास ती तीन मिलिमीटरांच्या आंत येते. परंतु सायबोर्नचे शिपाई सुमारें एक सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे भूमीच्या मानानें तिपटीहून मोठे आहेत. शिवाय एक शिपाई दोघांच्या जागीं उभा आहे. ह्यास असत्य म्हणावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दिवाळींत आपलीं मुलें मातीचा किल्ला करितात, त्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज महाद्वाराहून उंच असतात, आणि पायथ्याशीं बसलेली भाजीवाली बुरुजाला टेकून बसली तर बुरुज ढासळेल एवढी थोरली असते. म्हणून रायगडाचे दरवाजे ठेंगणे होते असा समज कोणाचाहि होत नाहीं. जी विसंगति पाहणाऱ्याच्या नजरेस सहज येते, ती त्यास फसवूं शकत नाहीं.

खरी अडचण पुढें आहे. सायबोर्न मोजणीस गेला त्यापूर्वींच त्या भूमीचें रूप पालटलें होतें. नेदरलंड्सच्या राजानें, आपला पुत्र जेथें जखमी झाला त्या स्थळाचें स्मारक म्हणून, १८२० ते १८२६ ह्या काळांत तेथें चाळीस मीटरांहून उंच असा मातीचा ढीग रचून त्यावर सिंहाचा पुतळा बसविला. ह्या ढिगाची माती कोठून आणली? ज्या टेकाडाच्या आश्रयानें वेलिंग्टनची फौज दिवसभर उभी होती, त्याच टेकाडाचा माथा खरवडून! लढाईच्या स्मारकानें लढाईचा मूळ पुरावाच गिळला. तेव्हां तेवढ्या भागापुरतें तरी मोजणीदाराच्या साखळीचें काम संपलें, आणि दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबणें भाग पडलें.

फौजांच्या बाबतींत तर साक्षीवांचून गत्यंतरच नव्हतें. सायबोर्ननें लढाईंतील एकच क्षण निवडला. तो म्हणजे संध्याकाळीं सातच्या सुमाराचा, जेव्हां नेपोलियनच्या इंपीरियल गार्डनें अखेरचा हल्ला चढविला तेव्हांचा. त्यानें हयात असलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें धाडून विचारलें कीं, त्या क्षणीं तुमची पलटण कोठें व कोणत्या रचनेंत उभी होती, समोर शत्रूचें कोणतें दळ होतें, आणि तुमच्या आसपासच्या शेतांत कोणतें पीक होतें? पिकाचीहि विचारपूस करणाऱ्या ह्या माणसाच्या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडें. त्यास सुमारें सातशें उत्तरें आलीं. परंतु तीं लिहिणारांच्या आठवणीवर जवळजवळ वीस वर्षांचें पुट चढलेलें होतें. लढाईच्या दिवशीं सगळ्यांचीं घड्याळें एकसारखीं लावलेलीं नव्हतीं; एकाचे सात म्हणजे दुसऱ्याचे साडेसहा. तोफांच्या धुरांत आपल्या तुकडीपलीकडचें कोणास फारसें दिसलेंहि नव्हतें. इंपीरियल गार्डचा अखेरचा मोड कोणीं केला, पहिल्या फूट गार्ड्सनीं कीं कोलबोर्नच्या ५२व्या पलटणीनें, ह्याविषयीं तंटा माजला तो कित्येक दशकें मिटला नाहीं. फूट गार्ड्सना तर त्याच वर्षीं, फ्रेंच ग्रेनेडियरांस त्यांनीं पळविलें असें समजून, ‘ग्रेनेडियर गार्ड्स’ हें नांव बहाल झालें होतें; त्यांच्यासमोर ग्रेनेडियर नसून बहुधा शास्युर दळ होतें, असें आज इतिहासज्ञ मानतात. स्वतः वेलिंग्टननें १८१५ सालींच एका पत्रांत लढाईच्या इतिहासाची तुलना नृत्यसमारंभाच्या इतिहासाशीं केली होती. लहानसहान गोष्टी प्रत्येकास आठवतात, पण त्या कोणत्या क्रमानें व नेमक्या कोणत्या वेळीं घडल्या हें कोणासच सांगतां येत नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता.

लेखक व प्रतिकृतिकार यांच्यांतील भेद येथें स्पष्ट होतो. लेखकाजवळ ‘बहुधा’, ‘असें दिसतें’, ‘एका मताप्रमाणें’ असे शब्द असतात, आणि संशय असेल तेथें त्यांचा आश्रय करून तो प्रामाणिक राहूं शकतो. शिशाच्या शिपायास ‘बहुधा’ उभें राहतां येत नाहीं. तो येथें तरी असतो, नाहीं तर तेथें तरी. शंभर पुराव्यांनीं सिद्ध झालेली पलटण आणि एका वृद्ध कर्नलाच्या अंधुक आठवणीवरून मांडलेली पलटण, ह्या दोन्ही सारख्याच ठामपणें उभ्या दिसतात. त्यांतून बटणें, पट्टे, निशाणें जितकीं बिनचूक, तितका पाहणाऱ्याचा संशय मालवत जातो. ज्यानें बटणापर्यंत काळजी घेतली, तो जागेच्या बाबतींत चुकेल कसा, असें त्यास वाटतें. ह्याप्रमाणें बारीकसारीक तपशिलाची अचूकता मोठ्या अनुमानास नकळत खऱ्याचा शिक्का देते. आणि ती बटणांची अचूकता तरी कसली? गणवेषाच्या पुस्तकांतील चित्रें बहुधा कवायतीच्या मैदानाचीं असतात. वॉटर्लूच्या आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस पडला होता. पुष्कळांच्या टोप्यांवर मेणकापडाचीं आवरणें होतीं, आणि चिखलानें सर्वांस एकच रंग दिला होता.

येथवर जें सांगितलें तें प्रतिकृतीचें उपजत दुबळेंपण झालें. त्याबद्दल कर्त्यास दोष नाहीं. परंतु सायबोर्नवर ह्याहून कठीण प्रसंग आला. ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याची माहिती त्यानें बर्लिनहून मागविली, आणि तिच्या आधारें सातच्या सुमारास रणभूमीवर पोंचलेलें हजारों प्रशियन सैन्य मांडलें. प्लांस्नुआ गांवाभोंवतीं त्या सैन्याची फ्रेंचांशीं हातघाई सायंकाळीं साडेचारच्या सुमारासच जुंपली होती, आणि नेपोलियनला आपल्या राखीव गार्डपैकीं कांहीं पलटणी तिकडे पाठवाव्या लागल्या होत्या. पण एवढे प्रशियन पाहून इंग्रज प्रेक्षकाच्या मनांत जयाचे वाटे पडूं लागतील, हें उघड होतें. वेलिंग्टनच्या बाजूनें लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट यानें हरकत घेतली. ह्यानें वॉटर्लूवर आपला उजवा हात गमावला होता, त्यामुळें त्याचा शब्द सहज डावलण्यासारखा नव्हता. ही मांडणी सामान्य प्रेक्षकांचा गैरसमज करील, असें त्याचें म्हणणें. सायबोर्ननें बराच काळ दाद दिली नाहीं. परंतु कर्जानें वेढलेला व वरिष्ठांच्या कृपेवर अवलंबून असलेला मनुष्य किती काळ टिकाव धरणार? शेवटीं त्यानें चाळीस हजार प्रशियन सैनिकांच्या आकृति काढून घेतल्या. वेलिंग्टन तर ती प्रतिकृति पाहावयास कधीं गेलाच नाहीं. आणि ह्याच वेलिंग्टननें लढाईच्या दुसऱ्या दिवशीं लिहिलेल्या खलित्यांत प्रशियनांच्या वेळेवर झालेल्या मदतीचा मोकळेपणानें गौरव केला होता!

ही गोष्ट शिपायांच्या उंचीसारखी नव्हे. उंचीची विसंगति प्रेक्षकास दिसते. उचलून नेलेले चाळीस हजार सैनिक त्यास दिसत नाहींत. ग्रंथांतील मजकूर वगळला तर पहिली आवृत्ति कोठें तरी शिल्लक राहते, आणि टीकाकार ताडून पाहूं शकतो. टेबलावरून उचललेली पलटण मागें भोंकसुद्धां ठेवीत नाहीं. म्हणून प्रतिकृतीच्या बाबतींत सत्याची खरी कसोटी बटणें किंवा रंग ही नसून, कर्त्यानें कोठें अनुमान केलें, आणि कोणाच्या सांगण्यावरून काय बदललें, हें प्रेक्षकास कळूं दिलें किंवा नाहीं, ही होय.

सायबोर्नचें सुदैव असें कीं, त्याचीं पत्रें नष्ट झालीं नाहींत. त्यांच्या आधारें त्यानें १८४४ सालीं ह्या युद्धाचा इतिहास लिहिला. त्याच्या मुलानें त्यांतील निवडक पत्रें १८९१ मध्यें प्रसिद्ध केलीं, आणि मूळ संग्रह आज ब्रिटिश लायब्ररींत आहे. प्रशियन कोठें होते, आणि ५२वी पलटण कोठें होती, ह्याचा विचार करणारा आजचा अभ्यासक प्रतिकृतीकडे न जातां पत्रांकडे जातो. आपल्याकडे राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढून १७५० ते १७६१ पर्यंतचे कागद पुढें ठेविले, तेव्हां पानिपतच्या बखरींतील रसभरित चित्रांस प्रथम कसोटीचा दगड मिळाला. दोहोंत फरक आहे, तो विसरतां कामा नये. राजवाड्यांचे कागद घटना घडत असतां लिहिलेले. सायबोर्नचीं पत्रें आठवणींचीं, म्हणजे कांहीं अंशीं बखरीच्याच जातीचीं. तरी सातशें बखरी एकमेकींशेजारीं ठेविल्या म्हणजे एकीचा खोटेपणा दुसरीनें उघडा पडतो, आणि एकट्या बखरीपाशीं नसलेलें बळ त्यांस येतें.

तेव्हां असे देखावे करणारांनीं ते करूं नयेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ला-हे-सेंत शत्रूच्या हातीं पडल्यावर वेलिंग्टनच्या मधल्या फळीवर कोणता प्रसंग ओढवला असेल, हें दहा पानें वाचून जें कळत नाहीं तें ह्या प्रतिकृतीसमोर उभें राहिल्यास एका दृष्टिक्षेपांत कळतें; हा लाभ लहान नव्हे. आमची विनंति इतकीच कीं, देखाव्याशेजारीं एक कागद टांगावा, आणि त्यावर काय मोजलेलें आहे, काय कोणाच्या साक्षीवरून घेतलें आहे आणि काय केवळ तर्कानें भरलें आहे, हें साध्या शब्दांत लिहावें. आपल्या गणेशोत्सवांतील ऐतिहासिक देखाव्यांसहि हाच नियम लावण्यासारखा आहे. जे पालक मुलांस असले देखावे दाखवावयास नेतात, त्यांनीं शिपायांच्या पोषाखाची तारीफ झाल्यावर एवढेंच विचारण्याची संवय त्यांस लावावी कीं, हा शिपाई येथें उभा होता हें आपणांस कोणीं सांगितलें?